अकरा नावांचा दगड

एका जंगलात मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सिंहाच्या गुहेत गुडघाभर पाणी शिरलं. गुडघा सिंहाचा. आभाळ निरभ्र होतं. गेल्या महिनाभरात पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

मुलांनो, हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे मोठे प्राणी ते तुम्हाला विसरायला लावणार आहेत.

आता सुरुवातीपासून सांगतो.

सिंहाची गुहा खोलगट जागी होती. जंगलाची मोठी वाट वरून जायची. वाटेपासून गुहेच्या तोंडापर्यंत साठ पावलांचा उतार होता, आणि तो नुसत्या मातीचा होता. गुहेत महाराज राहत आणि महाराजांच्या मातोश्री राहत. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. आईसाहेब म्हाताऱ्या होत्या आणि त्यांचा मागचा एक पाय अधू होता. रोज सकाळी उतार चढून वरच्या कातळावर उन्हाला बसायचं, एवढंच त्यांचं सुख उरलं होतं. त्या उतारावर त्या दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा घसरल्या तेव्हा म्हणाल्या, "अरे, या वाटेचं काहीतरी कर. नाहीतर मला वरच नेऊन ठेव."

महाराजांनी ताबडतोब काहीतरी केलं. समिती नेमली.

समितीत दहा जण होते. त्यांतल्या नऊ जणांनी काँक्रीट कधी पाहिलं नव्हतं. दहाव्यानं पाहिलं होतं, पण लांबून. म्हणून त्याला अध्यक्ष केलं. तो रानडुक्कर होता. नाव मुसंडेराव.

काम मात्र खवल्या मिस्त्रीला मिळालं. हा खवल्या मांजर. अंगभर खवले, लांब जीभ, पुढच्या पायांना खणायची नखं. पाणवठ्याच्या पायऱ्या त्याच्या पणजोबांनी बांधल्या होत्या. त्या अजून हललेल्या नाहीत. घराण्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती.

मिस्त्रीनं आधी भुसभुशीत माती काढली. कडक जमीन लागेपर्यंत काढली. मग मुरूम पसरला, त्यावर पाणी मारलं आणि गजाभाऊ हत्तीला वीस वेळा वरखाली चालायला लावलं. एकोणिसाव्या वेळी गजाभाऊ म्हणाले, "मिस्त्री, आता बसला की मुरूम!" मिस्त्री म्हणाला, "मुरूम बसला, भाऊ. माझं मन बसायचंय. एकदा जाऊन या."

मग खडी, चाळलेली वाळू, सिमेंट. वीतभर जाड थर. ऊन-थंडीत काँक्रीट फुगतं, आकसतं, म्हणून दर दहा पावलांवर एक सांधा. दोन्ही कडांना काळ्या दगडांची ओळ, दोरी लावून, ओळंबा सोडून. आणि वरपासून खालपर्यंत हलका ढाळ.

खाली, गुहेपासून पाच पावलांवर, डाव्या ओळीत मिस्त्रीनं एका दगडाची जागा मोकळी सोडली. मागच्या बाजूनं ओढ्यापर्यंत दगडी नाली काढली.

आईसाहेब उन्हातून परतताना थांबल्या. "मिस्त्री, इथला दगड विसरलात की काय?"

"विसरलो नाही, आईसाहेब. ती मोरी आहे. उतारावरचं सगळं पाणी इथवर येणार. इथून बाहेर पडलं की नालीनं थेट ओढ्याला."

"आणि नाही पडलं तर?"

"तर ते तुमच्याकडे मुक्कामाला."

आईसाहेब हसल्या. म्हणाल्या, "नको बाबा. मला आहे तेवढी सोबत पुरे आहे."

पुढचे पंधरा दिवस मिस्त्रीनं काँक्रीटवर गोणपाट घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि कुणालाही पाय ठेवू दिला नाही. महाराजांनाही नाही. पंधरा दिवस महाराज काटेरी झुडपांतून ये-जा करत होते. रोज मारलेलं पाणी उतारावरून खाली यायचं, मोरीतून बाहेर पडायचं आणि ओढ्याला जायचं. हे सगळ्या जंगलानं पंधरा दिवस, दिवसातून दोनदा पाहिलं.

सोळाव्या दिवशी टिटवीताई आल्या.

टिटवीताई जंगलातल्या जागरूक नागरिक होत्या. म्हणजे त्या आधी ओरडायच्या आणि मग काय झालंय ते बघायच्या. त्यांनी दगड मोजले. उजवीकडे एकशेवीस भरले. डावीकडे एकशे एकोणीस.

"एक दगड गेला!" टिटवीताई ओरडल्या. "आपल्या डोळ्यांदेखत एक दगड गेला!"

दुपारपर्यंत जंगलात एकच विषय होता.

"दगड खवल्यानं खाल्ला म्हणे."

"अहो, तो मुंग्या खातो. दगड कसा पचेल?"

"कामं मिळायला लागली की पचतो."

संध्याकाळी समितीनं मिस्त्रीला बोलावलं. लिहून घ्यायला सायाळ कारकून होता. तो स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटायचा आणि लिहायचा, त्यामुळे फारच थोडक्यात लिहायचा.

"एक दगड कमी कसा?" मुसंडेरावांनी विचारलं.

"कमी नाही, साहेब. तिथं मोरी आहे."

"मोरी म्हणजे नेमकं काय?"

"पाणी जायला भोक."

"म्हणजे रस्त्याच्या कामात भोक पाडल्याचं तुम्ही कबूल करता?"

"पाडलं नाही. ठेवलं."

"जाणूनबुजून?"

"जाणूनबुजूनच ठेवतात, साहेब. चुकून राहिलं तर त्याला मोरी म्हणत नाहीत."

सायाळ कारकुनानं लिहिलं : 'भोक. जाणूनबुजून. कबूल.'

मिस्त्री हात जोडून म्हणाला, "साहेब, दगड हवा तर मी दुसरा आणून देतो, कुठंही बसवा. पण तिथं नको. तिथं बसवला तर पाणी कुठं जाईल, एवढं सांगा."

"पाण्याचा विषय पाणी समितीकडे येतो," मुसंडेराव म्हणाले. "आम्ही रस्ता समिती आहोत."

जंगलात पाणी समिती नव्हती. हे कुणीच बोललं नाही. मुलांनो, तुम्ही तिथं असता तर बोलला असता. म्हणूनच समितीवर मुलांना घेत नाहीत.

निकाल असा लागला : गेलेला दगड परत मिळेपर्यंत खवल्या मिस्त्रीनं या जंगलात कुठल्याही दगडाला हात लावायचा नाही. थापी, ओळंबा आणि दोरी समितीकडे जमा.

खवल्या मांजराला शिंगं नसतात, दातही नसतात. संकट आलं की अंगाचं मुटकुळं करायचं, एवढंच त्याला येतं. मिस्त्रीनं आपली हत्यारं ओळीनं मांडून ठेवली, थापी पुसून ठेवली, आणि दाराबाहेर जाऊन मुटकुळं केलं. चार पिढ्यांत त्या घरातल्या कुणाला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

आता प्रश्न उरला उद्घाटनाचा.

कोनशिला तयार होती. छान काळा दगड. त्यावर अकरा नावं कोरलेली. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, महाराजांचं. खाली समितीच्या दहा जणांची, मुसंडेरावांपासून. अडचण जागेची होती. वर वाटेजवळ लावावी तर झुडपं आड येत. कातळावर लावावी तर तिथं आईसाहेब बसत. मग मुसंडेराव उतारावरून खाली आले आणि त्यांना ती मोकळी जागा दिसली.

त्यांनी कोनशिला धरून बघितली. माप तंतोतंत जुळलं.

"बघा!" मुसंडेराव म्हणाले. "चोरीला गेलेला दगडही भरून निघाला आणि नावंही दर्शनी आली. समिती काम करते ती अशी."

शनिवारी सगळ्या जंगलासमोर कोनशिला बसवली. मिस्त्रीला बंदी होती, म्हणून मान्यवरांनी स्वतः बसवली. मिस्त्रीची जमा असलेली थापी काढली आणि अकराही जणांनी एकेक थापी सिमेंट मारलं. महाराजांनी पहिलं मारलं. टाळ्या झाल्या. टिटवीताईंनी दगड पुन्हा मोजले आणि एकशेवीस भरल्यावर आनंदानं ओरडल्या.

फक्त आईसाहेब म्हणाल्या, "अरे, इथं मोरी होती ना?"

"आईसाहेब," महाराज म्हणाले, "तिथं आता माझं नाव आहे."

उद्घाटन मंगळवारी दहा वाजता होतं. नऊच्या सुमाराला मुसंडेराव पाहणीला आले. रस्त्यावर धूळ होती.

"गजाभाऊ, रस्ता धुऊन काढा. चकचकीत दिसला पाहिजे."

"किती पाणी मारू?"

"किती म्हणजे? पाहुणे यायचेत! कमी पडू देऊ नका."

गजाभाऊ सरळ प्राणी. त्यांनी कमी पडू दिलं नाही. सात हत्ती ओढ्यापासून वाटेपर्यंत रांगेत उभे राहिले आणि सोंडा भरभरून पाणी ओतू लागले.

आता त्या रस्त्याचं कौतुक ऐका. एक थेंब जमिनीत मुरला नाही. एक थेंब कडेच्या दगडांतून बाहेर गेला नाही. एक थेंब मध्ये कुठं साचला नाही. मिस्त्रीनं जसं सांगितलं होतं, तसंच सगळं पाणी गुपचूप खाली आलं आणि मोरीपाशी पोचलं. तिथं त्याला अकरा नावं भेटली. मग ते गुहेत वळलं.

आईसाहेब आत निजल्या होत्या. उठायला गेल्या तर अधू पाय घसरला. पाणी पोटाला लागलं. महाराज बाहेर भाषण पाठ करत होते. ते धावत आत गेले आणि त्यांनी गर्जना केली. पाण्यावर तिचा काही परिणाम झाला नाही.

"ओरडू नकोस!" आतून आईसाहेबांचा आवाज आला. "मिस्त्रीला बोलाव!"

मिस्त्री गर्दीच्या मागे उभा होता. उद्घाटनाला त्याला बोलावलं नव्हतं, पण आपलं काम धुतलं जाताना बघायला तो आला होता. तो धावत खाली आला. "हा दगड काढावा लागेल."

"महाराजांच्या नावाला हात लावतोस?" मुसंडेराव आडवे झाले. "आणि तुला तर कुठल्याच दगडाला हात लावायची परवानगी नाही!"

मिस्त्रीनं एकदा दगडाकडे पाहिलं. एकदा गुहेकडे. मग दगडांची ओळ जिथं संपते आणि गुहेचा खडक सुरू होतो, त्या मधल्या वीतभर मातीत त्यानं नखं घातली. मातीला हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं असं खणलं, असं खणलं, की माती मागे उभ्या असलेल्या समितीच्या अंगावर उडाली. नालीपर्यंत वाट झाली. पाणी वळलं, नालीला लागलं, ओढ्याला गेलं. आईसाहेबांना महाराजांनी पाठीवर घेऊन वरच्या कातळावर नेलं. त्या थरथरत होत्या. पण वाट पक्की होती. महाराजांचा पाय एकदाही घसरला नाही.

दुपारी चौकशी झाली. चौकशी समिती म्हणजे तीच रस्ता समिती होती, कारण तिला विषय माहीत होता.

अहवालात पहिलं कारण लिहिलं अतिवृष्टी.

"अरे, आभाळात ढग नव्हता," आईसाहेब कातळावरून म्हणाल्या.

"अतिवृष्टीला ढग लागतातच असं नाही, आईसाहेब," मुसंडेरावांनी समजावलं.

दुसरं असं : पाण्याचा मार्ग अज्ञात प्राण्यांनी बंद केल्याचं दिसून येतं. शोध चालू आहे.

तिसरं : खवल्या मिस्त्रीनं परवानगी न घेता महाराजांच्या दाराशी खोदकाम केलं. त्याच्यावरची बंदी कायम.

गेलेल्या दगडाचाही शोध चालू आहे.

जमीन सगळी ओली होती. म्हणून सायाळ कारकुनानं कागद कोनशिलेवर ठेवला आणि हा अहवाल त्यावरच लिहिला.

खवल्या मिस्त्री आता शेजारच्या जंगलात काम करतो. तिथं त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, इथला दगड का नाही बसवला? त्यानं एक घागर आणली आणि वरून ओतली. हत्यारं अजून इकडच्या समितीकडे जमा आहेत. थापीवर वाळलेलं सिमेंट आहे. ते कुणी पुसलेलं नाही.

आईसाहेब रोज सकाळी उन्हाला जातात. घसरत नाहीत. जाताना कोनशिलेपाशी थांबतात. त्यांना वाचता येतं, हे समितीला माहीत नव्हतं. त्या खालून वाचायला सुरुवात करतात आणि दहा नावं मोठ्यानं वाचतात. अकराव्याशी जरा थांबतात आणि तेही वाचतात. मग गुहेकडे तोंड करून विचारतात, "यातला अज्ञात कोणता रे?"

आज सकाळीही विचारलं.

तात्पर्य : मुलांनो, चूक कधीही लपूनछपून करू नये. पकडले जाल. ती भर सभेत करावी, टाळ्या घ्याव्यात, आणि खाली आपलं नाव दगडात खोल कोरून ठेवावं. चौकशीला तेवढं एकच नाव सापडत नाही.