इस्माईलभाईंचा पोर्तुगीज

लिफ्टमध्ये माणसानं हवेबद्दल बोलावं. मी मात्र शेजारच्या इस्माईलभाईंना हसत हसत म्हणालो, "तुमचा पोर्तुगीज अखेर रिटायर झाला म्हणे!"

ते पुढच्याच मजल्यावर उतरले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी उरलेले जिने चढून गेले. तेव्हापासून अबोला.

इस्माईलभाई मूळचे रत्नागिरीचे. इथे आखातात, फहाहीलला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहेत. बायको वारल्यापासून एकटेच. नवा माणूस भेटला, की आधी त्या पोर्तुगीज फुटबॉलपटूची ओळख करून देतात; वेळ उरला तर स्वतःची. तो डाव्या पायाचा, म्हणून हे मशिदीत तेवढा उजवा पाय आधी टाकतात, बाकी सगळीकडे डावा. भिंतीवर त्याचाच फोटो. इतर कुणाला खिळा मिळालेला नाही. दुसऱ्या कुठल्या खेळाडूचं कौतुक केलं, की म्हणणार, "असंल. पण आपला डावा नाय तो!"

एके काळी त्यानं गोल केला की इथल्या चहाच्या दुकानांत अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत. मग त्याचा गुडघा गेला, तो बाकावर बसू लागला. इस्माईलभाई म्हणाले, "विश्रांती देतायत त्याला." शेवटी तो कुठल्याशा लहान क्लबात गेला. तिथे खुर्च्याच फार, माणसं कमी. "गर्दी सोसत नाय त्याला, बँकवाले. मुद्दाम गेला." मी बँकेत आहे, म्हणून मी बँकवाले.

अबोला काही सुटेना. शेवटी माझ्या बायकोनं, वैशालीनं, पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि मला पुढे घालून त्यांच्या दारात उभं केलं.

"या. दुसरा हाफ सुरू व्हतोय," इस्माईलभाई म्हणाले.

टीव्हीवर पोर्तुगीज धावत होता. केस काळेभोर, गुडघा शाबूत. मला गप्प बसवेना.

"जुनी मॅच ना ही?"

वैशालीनं चिमटा काढला. इस्माईलभाईंनी आवाज बंद केला.

"तो रिटायर झाला ते ठावक हाय मला, बँकवाले. आमचा इम्रान कॅनडात असतो. घरातलं काय विचारलं, की 'फाइन, डॅड.' खलास. पण याची मॅच असली, की फोन यायचा. हसायचा, रेफ्रीला शिव्या द्यायचा. शिव्या मात्र मराठीतनं, आपल्या रत्नागिरीच्या!" ते जरा हसले. "आता हा खेळत नाय. पोरानं फोन करावा तरी काय म्हणून?"

"तुम्हीच करा की," मी म्हणालो.

"केला ना. म्हटलं, डावा रिटायर झाला रे. म्हणाला, 'येस, डॅड. सॅड.' मग तो बी गप, मी बी गप. शेवटी मीच म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय."

"आलं होतं?"

"शुक्रवारी सकाळी? दुकान बंद व्हतं."

त्यांनी डबा उघडला, पोळी मोडली आणि तुकडा हातातच ठेवून मुक्या टीव्हीकडे बघत राहिले.

आमच्या दारात आल्यावर मी म्हणालो, "चला, अबोला तरी सुटला."

वैशाली कुलपात किल्ली घालून थांबली. म्हणाली, "पुढच्या वर्षी आपली सई शिकायला बाहेर जाईल. ती तुम्हाला काय म्हणून फोन करेल हो?"