व्याह्यांच्या आतड्यात आमचं विरजण

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. ताडकळसचे आमचे व्याही बन्सीधरराव आज ताठ हिंडतात, ते निव्वळ माझ्या पोटाच्या पुण्याईवर! आमच्या अख्ख्या बोरी गावात असं पोट नाही. दगड गिळला तर वाळू करून देईल!

झालं असं. व्याह्यांना साधा ताप आला. त्यावर गोळ्यांचा असा मारा झाला की ताप गेला अन् जुलाब लागले. चार महिने थांबेनात! पैलवान गडी, पार वाळकी तुराटी झाला. आमची सून शिवकन्या त्यांचीच लेक. तिच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधांनी आतड्यातले चांगले जंतू मेले, वाईट माजले. निरोगी माणसाचा मळ तपासून, गाळून, नळीनं यांच्या आतड्यात सोडू. दुधाला विरजण लावतात तसं!"

ताडकळसच्या घरातलं एकही पोट तपासणीत पास होईना. मी छाती काढून उभा राहिलो. "आमचं लावा!"

व्याही खाटेवर ताडकन उठून बसले. "जमायचं न्हाई! लेकीच्या घरचं पाणीसुदिक पीत न्हाई मी, अन् हे घेऊ?"

"दादा, जीव जायलाय तुमचा, अन् रीत काय धरून बसलात!" शिवकन्येनं हुंदका दिला.

मी खाटेजवळ सरकलो. "पाहुणे, घरचं कोण द्यायलंय? रोज पहाटं मी वावरात जातो. हे वावरातलं समजा!"

व्याह्यांनी रीतीचा हिशेब मांडला.

"वावर कुणाच्या नावावर हाय? जावयाच्या का तुमच्या?"

"माझ्या!"

"मग चालतंय."

ठरल्या दिवशी मी डबा दिला. काय सांगू, डब्याला नारळ फोडायचाच तेवढा बाकी होता! आठव्या दिवशी व्याह्यांनी दोन भाकरी अन् मिरचीचा ठेचा हाणला आणि असा ढेकर दिला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला! पुढं तर चालणं माझं, घोरणं माझं, मिशीचा पीळसुद्धा माझाच!

परवा व्याही बोरीला आले. ओसरीवर दहा-बारा माणसं जमली. मी रंगात आलो होतो. "डॉक्टरीणबाई हात जोडून म्हणल्या, काका, असा माल अख्ख्या मराठवाड्यात न्हाई!"

व्याही माझ्याकडं असे बघत होते, जसा भक्त देवाकडं! तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आमच्या कारभारणीनं, केशरबाईनं, ताट धाडकन खाली ठेवलं.

"अवं, किती लबाड बोलावं माणसानं! तुमच्या तपासणीत तर हे एवढाले जंत निघाले! डबा माझा व्हता!"