एका बरणीत मावणारं घर

"आमच्या घरचा आठवड्याचा कचरा एका बरणीत मावतो!"

इमारतीच्या सभेत हे वाक्य तिच्या तोंडून निसटलं आणि पाण्याच्या टाकीवरून चाललेलं भांडण जागच्या जागी थांबलं.

"केवढ्या बरणीत?" सेक्रेटरीकाकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"कॉफीच्या."

"मग रविवारी दहाला सगळे बघायला येतो! खरं निघालं तर तुमची पद्धत अख्ख्या इमारतीला लागू. खाली फळा लागेल, त्यावर पहिलं नाव तुमचं!"

तिला फळ्याचं अप्रूप असायला कारण होतं. या इमारतीत तिला सगळे काळजीताई म्हणत, तिच्या माघारी आणि कधीकधी समोरही. छोटीला दोन शिंका आल्या की ही तीन डॉक्टरांना फोन करायची. चमचे चारदा उकळायची. जिन्यात कुणी खोकताना दिसलं की पोरीला काखोटीला मारून उलट्या पावली वर! आता पहिल्यांदाच तिचं नाव कशासाठी तरी कौतुकानं निघणार होतं.

आणि बढाई खोटी नव्हती हो! सहा महिन्यांत तिनं घर पालटलं होतं. बाजाराला कापडी पिशव्या, छोटीला जुन्या चादरींचे लंगोट, बाटलीतल्या साबणाऐवजी वडी. भाज्यांची सालं बाल्कनीतल्या कुंडीत कुजून खत होत होती, आणि त्या खतावर टोमॅटोचं एक रोप माजल्यासारखं वाढलं होतं. उरेल तेवढंच बरणीत. रोज संध्याकाळी ती बरणी उजेडात धरून बघायची. सोमवारी गोळ्यांचं रिकामं पाकीट. बुधवारी फुटकं बटण. शनिवारी बरणी जेमतेम निम्मी! तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की तिनं बरणीचा फोटो काढून माहेरी पाठवला.

रविवारी दहाच्या ठोक्याला सेक्रेटरीकाका, मागून चार शेजारी आणि साक्षीला कचरावाल्या मावशी, अशी वरात दारात उभी राहिली.

"मावशी, यांच्याकडून कचरा येतो?"

"चिमूटभरसुद्धा नाही! आधी रोज एक बादली असायची. आता दारात नुसती हाक मारून जाते मी."

टाळ्या! नवरा छताकडे बघत होता. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या. तिला वाटलं, आनंद मावत नाहीये बिचाऱ्यांच्या पोटात.

मग तिला राहवलं नाही. "अहो काका, आमची छोटीसुद्धा तयार झालीय! दोन वर्षांची नाही अजून. द्या तिच्याकडे टाकायला काहीतरी."

काकांनी खिशातली गोळी तोंडात टाकली आणि वरचा चकचकीत कागद छोटीच्या हातात दिला. छोटी निघाली. बरणी तिच्या वाटेतच होती. तिला वळसा घालून ती थेट कोपऱ्यात गेली, बाबांच्या ऑफिसच्या बॅगेची चेन ओढली आणि कागद आत टाकला.

"अगं राणी, बरणीत!"

"बाबा बॅग!" छोटीनं ठणकावून सांगितलं.

काकांनी बॅगेत हात घातला. बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं, चॉकलेटचे कागद! बाहेर येतंय ते येतंयच.

"अहो, हे काय?"

"ऑफिसातल्या डब्यात टाकतो मी," नवरा पुटपुटला. "इथे एक पुडा बरणीत टाकला तर तू अर्धा तास उलटतपासणी घेतेस. कुठून आणला, का आणला, सुटी बिस्किटं मिळत नव्हती का..."

"असं लपवायचं का रे बायकोपासून?" सासूबाई जरा जास्तच जोरात म्हणाल्या.

काकांना आता चेव आला होता. त्यांनी ओट्यावरची दुधाची रिकामी पिशवी उचलून छोटीला दिली. छोटी दुडूदुडू गेली आणि दारामागे टांगलेल्या आजीच्या फिरायला जायच्या थैलीत ती कोंबू लागली.

"सासूबाई, तुम्हीपण?"

"बागेत मोठी पेटी आहे गं," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "जाताजाता टाकते. तुझी बरणी भरली असती तर तू जेवली नसतीस!"

आता तिचा आवाज चढला. "म्हणजे या घरात प्रामाणिक मी एकटीच! मी मरमर मरायचं आणि तुम्ही..."

तेवढ्यात एका शेजारणीनं नाक पुसलेला मऊ पांढरा कागद छोटीनं स्वतःहूनच घेतला. क्षणभर विचार केला. आणि खुर्चीवरची आईची पर्स उघडली.

"नको!" ती किंचाळली.

पर्समधून दोन वापरून गुंडाळलेले डायपर निघाले.

"दवाखान्यात जायचं असलं की... तेवढ्यापुरतेच..." तिचा आवाज बरणीत बसेल एवढा झाला.

मग नवरा फिस्सकन हसला, सासूबाई हसल्या, मावशी तर दाराला धरून हसल्या. तिला मात्र तो फळा पुसला जाताना दिसत होता.

"काका," ती अखेर म्हणाली, "एक आठवडा द्या. बरणी नको, बादली ठेवते. लपवाछपवी बंद, उलटतपासणीही बंद. जे होईल ते सगळ्यांसमोर."

आठवडाभर ती छोटीच्या मागे लागली. "बॅग नाही, पर्स नाही, सगळं बादलीत! शहाणी गं माझी ती!" त्याच आठवड्यात घरात सासूबाईंचा चष्मा हरवला, टीव्हीचा रिमोट हरवला, नवऱ्याचे तीन मोजे गेले. पण काळजी करायला तिला फुरसत कुठे होती?

रविवारी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. बादली काठोकाठ!

मावशींनी हात घातला. चष्मा निघाला. रिमोट निघाला. मोजे निघाले, पाठोपाठ खेळण्यातलं अस्वल, काकांनी दिलेली सभेची नोटीस, छोटीचा एक बूट. बादली खाली खाली जात राहिली.

"अर्धी!" मावशी ओरडल्या. "आठवड्याची अर्धी बादली! सात बादल्यांच्या जागी!"

काकांनी त्याच दिवशी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, पुढे 'अर्धी बादली'. दिवसातून तीनदा ती काही ना काही निमित्त काढून खाली उतरते आणि फळा बघून येते.

अर्धीसुद्धा झाली नसती खरं तर. पण अगदी तळाशी अजून एक वस्तू होती, आणि ती वर काढायला कुणी धजलं नाही. छोटीनं सगळ्यात आधी टाकलेली ती कॉफीची बरणी!