अंकलचा नळ आणि माझं नाक

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत इतरांच्या गॅलरीत बनियनं वाळतात, आग्नेल अंकलच्या गॅलरीत नळ्या वाळतात. लांबलचक, आरपार दिसणाऱ्या, प्लास्टिकच्या. नवीन भाडेकरू हमखास विचारतो, "वर कोणी आजारी आहे का?"

आजारी कोणी नाही. अंकल घरी बिअर बनवतात. जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून त्यांनी नळ बसवलाय. आतल्या पिंपातून नळीने बिअर त्या नळाला येते. यावी, अशी अपेक्षा. कारण त्याआधी अंकल सगळा नळ खोलतात, नळीतून धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी सोडतात, रबराच्या चकत्या दातांच्या ब्रशने घासतात आणि नळी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघत बसतात. नळाच्या तोंडात चिलटं जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बायकोने, मॅगी आंटींनी विणलेलं टोपडं आहे. इमारतीत तान्हं बाळ नाही, पण टोपडं आहे.

"बिअर खोटं बोलेल, नळी नाय बोलणार," हे अंकलचं ब्रह्मवाक्य.

मी त्यांचा खालचा शेजारी. आयुष्यात कोकम सरबताच्या पुढे गेलेलो नाही. आमची ओळख भांडणातून झाली, कारण त्यांच्या सोड्याचं पाणी थेट माझ्या तुळशीवर ठिबकायचं.

"अंकल, तुळस गेली माझी!"

"अरे, पण नळी बघ ना कशी चकाचक झालीय!"

मॅगी आंटी गेल्या आणि हे धुणं भलतंच वाढलं. अंकल बिअर करायचे, नातेवाइकांना चाखायला द्यायचे, ते "मस्त" म्हणायचे, आणि ते गेले की अंकल अख्खं पिंप मोरीत ओतायचे. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, असं मी बायकोला सांगून टाकलं होतं.

परवा दुपारी त्यांनी मला वर बोलावलं आणि हातात ग्लास दिला.

"वास घे."

"मला यातलं काय कळतं, अंकल?"

"म्हणून तर तुला बोलावलं. ज्यांना कळतं ते सगळे मस्त मस्त करतात. मागे मोठा ताप आला, त्यात माझं नाक गेलं, ते परत आलंच नाय. मग मॅगी वास घेऊन सांगायची. आता नळी साफ झाली की नाय, मला समजतच नाय रे. रविवारी चर्चमध्ये तिच्या वर्षाची मिस्सा आहे, मग सगळी माणसं घरी येणार. तिच्या नावाने घाण नाय पाजायची मला."

मला एकदम लाज वाटली. मी ग्लासात नाक घातलं आणि तोंड आपोआप वाकडं झालं.

"ओलं फडकं मोरीत तसंच राहिलं की येतो, तसा वास येतोय."

अंकल मटकन खुर्चीत बसले. दुखावले असं वाटलं, पण ते हसत होते. "मॅगी पण फडकंच म्हणायची!"

मग त्यांनी नळ पुन्हा खोलला. अगदी आतल्या चकतीमागे काळपट, बुळबुळीत थर सापडला. घासलं, धुतलं, नवी चकती बसवली. दुसऱ्या ग्लासाला बेकरीवरून जाताना येतो तसा वास होता. तसं सांगितल्यावर त्यांनी छातीवर क्रूस काढला.

मी निघालो तर म्हणाले, "थांब." आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात आंटींचा घरात घालायचा, निळ्या फुलांचा गाऊन होता.

"हा मी धुतला नाय," ते म्हणाले. "तू खोटं नाय बोलत. जरा बघ ना, तिचा वास आहे अजून?"

मी गाऊनमध्ये नाक खुपसलं. डांबरगोळ्यांचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. अंकल माझ्या तोंडाकडे बघत होते. या वेळी मी ते वाकडं होऊ दिलं नाही.

"आहे, अंकल."

त्यांनी गाऊन घाईघाईने पिशवीत घातला आणि तोंडाला घट्ट गाठ मारली.

"उघडी नको ठेवायला," ते म्हणाले, "उडून जाईल."