रोलंड पेटिफरची साडेआठ लाखांची बचत

माणसाने बचत केली पाहिजे, याबद्दल कुठल्याही सुधारलेल्या देशात दुमत नाही. दुमत आहे ते बचत कशाला म्हणायचं याबद्दल. मागासलेले लोक खर्च न केलेल्या पैशाला बचत म्हणतात. आम्ही इंग्लंडमधल्या हिंक्ली गावचे लोक त्या पायरीच्या बरेच वर चढलो आहोत.

साठच्या दशकात आमच्या देशात एक बुटकी, उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी निघाली होती. जेमतेम शंभर निघाल्या, त्यातल्या निम्म्या झाडांवर आदळून संपल्या. उरलेल्यांपैकी एखादी लिलावात आलीच तर नऊ लाख पौंडांना जाते. ही गैरसोय दूर करण्यासाठी थॉर्नली कोचवर्क्स ही कंपनी (म्हणजे कोंबड्यांच्या एका जुन्या शेडमध्ये बसणारे तीन भाऊ) तिच्या हुबेहूब नकलेचं किट बारा हजारांना विकते. भाग घरी आणायचे आणि गॅरेजमध्ये जोडायचे. आता नऊ लाखांतून बारा हजार वजा करा. जे उरतं ती बचत. खर्च वाढला तर बचत जराशी घटते, संपत मात्र कधीच नाही. अशी योजना अजून कुठल्याही बँकेला सुचलेली नाही.

आमच्या हौशी गाडीबांधणी मंडळाचा मानद चिटणीस या नात्याने मी खालील माहिती नोंदवून ठेवली आहे. सभासद त्रेसष्ट. गाडी बांधायला घेतलेले एकसष्ट (उरलेले दोघे चहाला येतात). पूर्ण केलेले नऊ. त्या गाडीत बसून कुठेतरी गेलेले चार. माहितीपत्रकाप्रमाणे लागणारा वेळ दोनशे तास, मंडळाची सरासरी साडेसात वर्षं. घटस्फोट पाच: तीन गाडी बांधल्यामुळे, दोन गाडी विकावी लागल्यामुळे.

रोलंड पेटिफर हा मंडळाचा आदर्श सभासद. माझ्या शेजारच्या घरात राहतो. पंपांच्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता आणि एक सहस्रांश इंचाचीही चूक त्याने कधी खपवून घेतली नाही. सत्तावन्नाव्या वर्षी त्याने किट मागवलं. त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, स्वयंपाकघर नवं करायला चौदा हजार बाजूला ठेवले होते, ते दिले. गॅरेजमधलं तिचं कपडे धुण्याचं मशीन आणि फ्रीजर बाहेर काढू दिला. बदल्यात एकच गोष्ट ठरली. पुढच्या उन्हाळ्यात रोलंड तिला या गाडीतून बारमथला नेणार. बारमथ म्हणजे वेल्समधलं समुद्रकाठचं तिचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ एमरिस राहतो. तेहतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या वेळी, या एमरिसने रोलंडला बघून "हा माणूस तुला कुठेही नेणार नाही" असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हणून ग्लेनिसला डोक्याला रुमाल बांधून, खाली घाट, समोर समुद्र, असं या उघड्या गाडीतून माहेरी जायचं होतं.

"चौदा हजार, वर एक पेनी नाही," रोलंड म्हणाला होता. त्या वेळी तो खोटं बोलत नव्हता. त्याने माहितीपत्रक वाचलं होतं, एवढंच.

माहितीपत्रकात लिहिलं होतं की किटमध्ये 'गाडीसाठी लागणारं सर्व काही' आहे. सर्व काही म्हणजे काय, ते मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. त्यात इंजिन नव्हतं. गिअरबॉक्स, चाकं, सीट, दिवे, रंग आणि छप्पर, यांपैकीही काही नव्हतं. इंजिनासाठी रोलंडने सहाशेला एक जुनी सेडान घेतली. तिचं इंजिन बसलं नाही, म्हणून दुसरी घेतली. दुसरीचं इंजिन उचलायला क्रेन घेतली. क्रेन मावेना म्हणून गॅरेजचं छत उंच केलं. डॅशबोर्डवर मूळ गाडीसारखी दिसणारी, वेग, पेट्रोल वगैरे दाखवणारी सात घड्याळं बसवली. त्यातली तीन चालतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण मात्र नकली नको, अस्सलच हवं, म्हणून तीनशे चाळीस पौंड मोजले. संपूर्ण नकली गाडीत एक वस्तू अस्सल असली की माणसाला झोप लागते. छप्पर नऊशेला होतं. ते त्याने घेतलं नाही. कुठेतरी हात आखडायला हवाच ना.

इथे मंडळाच्या घटनेतलं सातवं कलम उपयोगी पडतं. 'घरी सांगावयाचा आकडा' असं त्याचं शीर्षक आहे. खऱ्या रकमेला तीनने भागावं, वरचे सुटे सोडून द्यावेत. नवा भाग घरात नेण्यापूर्वी त्याला जुनं ग्रीस फासावं, म्हणजे तो पडून असलेला वाटतो. पार्सल शेजाऱ्याच्या पत्त्यावर मागवावं. रोलंडचा शेजारी मी. अकरा वर्षांत मी एकशे सत्तावीस पार्सलं घेतली आणि काळोख पडण्याची वाट न बघता, दिवसाढवळ्या, कुंपणावरून त्याच्याकडे दिली. चोरी चोरासारखी केली तर पकडली जाते.

पकडली जात नव्हती असं आम्ही दोघं समजत होतो.

"हे काय आणलंस?" ग्लेनिस दारातून विचारायची.

"हे? बर्नार्डकडे पडून होतं." बर्नार्ड म्हणजे मी.

"बर्नार्डकडे बरंच काही पडून असतं."

"असतं बाई. त्याला टाकवत नाही काही."

"आणि तुला घेतल्याशिवाय राहवत नाही. चांगली जोडी जमली आहे." मग ती आत जायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार तिसऱ्या वर्षी निखळलं होतं. ते गिअरबॉक्सनंतर बसवायचं असं ठरलं होतं.

दर मे महिन्यात ती एकदा विचारायची, "या उन्हाळ्यात बारमथ?"

"पुढच्या. ब्रेकचं राहिलंय फक्त."

ब्रेकचं सहा वर्षं राहिलं होतं. सातव्या वर्षी ग्लेनिसचा डावा गुडघा दुखायला लागला. नवव्या वर्षी उजवा. ती साठीच्या पुढे गेली, जिना बाजूने उतरायला लागली. मे महिन्यात मात्र विचारायची चुकली नाही.

अखेर अकराव्या वर्षी गाडी उभी राहिली. हिरवी, चकचकीत, खरोखर हुबेहूब. आता फक्त सरकारी तपासणी उरली होती. घरी बांधलेल्या गाडीची एकही कड, एकही बोल्ट रस्त्यावरच्या माणसाला खरचटेल असा नसावा, असा नियम आहे. त्यासाठी आम्ही परीक्षेच्या दिवसापुरत्या सगळ्या बोल्टांना रबरी टोप्या घालतो. (मंडळाकडे एकशे चाळीस टोप्यांचा संच भाड्याने मिळतो. तपासणी झाल्यावर परत करणे.) ही तयारी रोलंडने चोख केली होती. तेवढ्यात पत्र आलं. गाडी अर्जदाराने हौसेने, स्वतःच्या हाताने बांधली आहे याचा पुरावा म्हणून सर्व मुख्य भागांच्या पावत्या आणि बांधणीच्या टप्प्यांचे फोटो जोडावेत. पुरावा नसल्यास गाडी कारखान्यात बनलेली समजून तिला कारखान्याचे निकष लागतील.

कारखान्याच्या निकषांत एक नमुना भिंतीवर आदळून दाखवायचा असतो. रोलंडकडे नमुना एकच होता.

आता अडचण नीट समजून घ्या. गेली अकरा वर्षं या माणसाने आपण ही गाडी विकत घेतलीच नाही याचा पुरावा तयार केला होता. एकेक पावती त्याने चार तुकडे करून टाकून दिली होती. फोटो काढले नव्हते, कारण फोटोत ग्रीस न फासलेले भाग दिसतात. आणि आता सरकार म्हणत होतं, कबूल कर.

आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरात ते पत्र मधे ठेवून बसलो. ग्लेनिस चहा करत होती.

"दुकानांकडून परत मागव पावत्या," मी हळू म्हणालो.

"निम्मी दुकानं बुडाली. आणि थॉर्नलीवाले भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत."

"मग भिंत बघ एखादी."

"बर्नार्ड, तू घरी जा."

ग्लेनिसने चहा ठेवला, बिनदाराच्या कपाटातून बिस्किटांचे चार मोठे पत्र्याचे डबे काढले आणि टेबलावर मांडले. पहिल्या डब्याचं झाकण उघडलं. आत पावत्या. प्रत्येक पावतीचे चार तुकडे पारदर्शक चिकटपट्टीने जोडलेले, तारखेवार, दर वर्षाला एक रबर.

इथे आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे घरोघरी कचऱ्याचे वेगवेगळे डबे असतात. कागद निळ्या डब्यात जातो, बाकीचा कचरा काळ्या. रोलंड अकरा वर्षं बायकोशी खोटं बोलला. ते त्याला जमलं, कारण ते सगळेच करतात. पण कागद काळ्या डब्यात टाकणं त्याच्याच्याने झालं नाही. जाळून टाकावं तर आमच्या भागात धुराला बंदी आहे, आणि तो नियम पाळणारा माणूस. तेव्हा त्याने प्रत्येक पावती फाडून, नगरपालिकेच्या सूचनेप्रमाणे, निळ्या डब्यात टाकली. आणि बुधवारी निळा डबा बाहेर ठेवण्यापूर्वी त्यातला चुकीचा कचरा वेगळा काढायचं काम घरात कोणाचं, हे त्याला अकरा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

शेवटच्या डब्याच्या तळाशी एक वही होती. तिच्यात पेन्सिलीने बेरीज. एक्कावन्न हजार सहाशे चाळीस.

रोलंडने बेरीज तपासली. काय करणार, सवय. "झाकणाचे तीनशे चाळीस तू दोनदा धरलेस."

"झाकण तू दोनदा घेतलंस. पहिलं फार चमकतंय म्हणालास."

रोलंडने वही मिटली.

"नऊ लाखांची गाडी एक्कावन्नमध्ये झाली," ग्लेनिस म्हणाली. "म्हणजे साडेआठ लाख वाचवलेस की रे. मी कधीची बघतेय. गादीखाली नाहीत, माळ्यावर नाहीत. ठेवलेस तरी कुठे?"

मी चहा पीत होतो. कप रिकामा झाला तरी पीत राहिलो.

"आणि फोटो?" रोलंडने विचारलं.

"एमरिसकडे आहेत. दर रविवारी या खिडकीतून एक काढून पाठवायचे. विचारायचा ना तो, निघालात का म्हणून." पाचशे साठ फोटो होते. सगळे तारखेसकट. बहुतेकांत गाडीखालून आलेले रोलंडचे पाय दिसत होते. तोंड बारा फोटोंत.

"तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काम थांबवलं असतंस," ती म्हणाली. "मला बारमथला जायचं होतं."

सरकारी तपासनीस म्हणाला की त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत इतकी संपूर्ण कागदपत्रं कुणी आणली नव्हती. त्याने हौशी बांधणीचा उत्तम नमुना म्हणून रोलंडचं अभिनंदन केलं. रोलंडने ते स्वीकारलं. टोप्या परत आल्या, एकशे एकोणचाळीस. एकीचे दोन पौंड मी त्याच्याकडून वसूल केले.

जूनच्या पहिल्या शनिवारी गाडी दारात उभी राहिली. ग्लेनिसने डोक्याला निळा रुमाल बांधला होता. अकरा वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता, घडीवर फिकट रेघ पडली होती. मूळ गाडीला चढायला पायरी नाही. दार वीतभर, कडेला तापणारा सायलेन्सर, त्यावरून पाय टाकायचा, मग गुडघा छातीशी घेऊन खाली सीटमध्ये उतरायचं. नक्कल हुबेहूब असल्यामुळे नकलेतही तसंच. तिने डावा पाय आधी टाकून बघितला. मग उजवा. मग पाठमोरी बसून दोन्ही. मी आणि रोलंडने दोन बाजूंनी धरलं. गुडघे वळेनात. तिसऱ्या खेपेला ती एकदाच, अगदी हळू, "आई गं" म्हणाली, आणि रोलंडने हात सोडले.

तिने रुमाल सोडला, घडी घातली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी आगगाडीने येते. एमरिसला आज येतो म्हणून सांगितलंय."

तिकीट ज्येष्ठांच्या सवलतीत सत्तावीस पौंडांना मिळालं. हा आकडा तिने मला आपणहून सांगितला. न भागता.

ती दुपारी पोहोचली. रोलंड संध्याकाळी पोहोचला, डोंगरातल्या पावसातून, छप्पर न घेता वाचवलेल्या नऊशे पौंडांसह, गळ्यापर्यंत भिजून. एमरिसच्या दाराशी गाडी थांबवली आणि तिथे त्याच्या ध्यानात आलं की गुडघे त्यालाही आहेत. तो अडुसष्ट वर्षांचा होता. सकाळी गाडीत उतरला होता तो माझ्या मदतीने. बाहेर यायचं कसं, हे माहितीपत्रकात नव्हतं.

एमरिस चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठी टेकत बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं.

"झाकण चांगलं आहे," म्हणाला. "तूच आलास. तिला नाही आणलंस."

मग ग्लेनिस चहा घेऊन बाहेर आली. तासभर ती दोघं तिथेच होती, तो आत बसलेला, ती एका हातात त्याच्यावर छत्री धरून उभी, आणि समोर समुद्र. शेवटी मासे तळणाऱ्या दुकानातल्या दोन माणसांनी त्याला काखेत धरून उपसून काढलं. मंडळाच्या अहवालात मी 'बारमथपर्यंत यशस्वी प्रवास' अशी नोंद केली आहे. गाडीत बसून कुठेतरी गेलेले आता पाच झाले.

सातव्या कलमात दुरुस्ती सुचवण्यात आली आहे: पावत्या निळ्या डब्याऐवजी उष्ट्याखरकट्याच्या डब्यात टाकाव्यात. सभासदांनी ती एकमताने मंजूर केली. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो डबाही मी कधी रिकामा केलेला नाही, बायको करते. ओट्याखाली मला एक बिस्किटांचा डबा दिसला आहे. मी तो अजून उघडलेला नाही.

तुम्ही गाडी बांधत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही शहाणे आहात. तुमच्या घरी फक्त ती एक वस्तू आहे, जिची किंमत तुम्ही घरी थोडी कमी सांगितलीत, आणि ते एक ठिकाण आहे, जिथे पुढच्या उन्हाळ्यात नक्की जायचं आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जाता जाता एवढंच विचारतो, तुमच्या घरचा सुका कचरा कोण वेगळा करतं?