रोग्याचा अंगठा

चांगोकाका भोईर चहा प्यायचे आणि चहावाल्याला प्रशस्तिपत्र द्यायचे. तोंडी नव्हे, चांगलं लेखी. माझ्या मेडिकलच्या समोर रामअवधची टपरी होती, तिथे बिस्किटांच्या बरण्यांमागे ते लटकवलेलं असायचं. ‘मी खालीं सही करणार चांगो भोईर, मुक्काम अंजूर, सत्य लिहून देतों कीं, मजला डोकें जड होणें, कामाचा वीट येणें व बायकोवर विनाकारण खेंकसणें ही व्यथा बहुत वर्षांपासून होती. आपला आल्याचा चहा एक पेला घेतांच आराम पडला. ईश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो.’

रामअवध जौनपूरचा, त्याला मराठी वाचता यायचं नाही. चाचाने लिखा है तो अच्छा ही लिखा होगा, म्हणून तो रोज सकाळी त्या कागदालाही उदबत्ती ओवाळायचा.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तेव्हा अंजूरच्या शेतांमध्ये एकामागून एक गोडाऊनं उभी राहत होती. काकांचीही जमीन गेली. हातात पैसा आला, जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, आणि पाडताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. लोकांच्या पेटीत सोनं निघतं. काकांच्या पेटीत पणजोबा निघाले.

हे पणजोबा, राघो भोईर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या कुणा ‘विलायती विशेषज्ञा’ची औषधं बैलगाडीतून गावोगाव विकत हिंडायचे. पेटीत त्या औषधांच्या जाहिराती होत्या. एकाच बाटलीत दमा, संग्रहणी, बहिरेपणा आणि वाईट स्वप्नं यांच्यावर उतारा. कंबरेला बांधायचा विजेचा पट्टा, म्हातारपण घालवणारा. प्रत्येक जाहिरातीखाली बऱ्या झालेल्या रोग्यांची पत्रं छापलेली. त्यातली सात पत्रं खुद्द राघो भोईरांची होती, आणि प्रत्येक पत्रात त्यांना वेगळा रोग झाला होता. ‘‘आमच्या पणज्याला सात रोग झाले बाय, नि साती बरे झाले,’’ काका छाती पुढे काढून मला सांगायचे. त्यातला सातवा रोग फक्त बायकांना होतो, हे मी फार्मासिस्ट असल्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं. मी तसं म्हटलंही. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, असंल, मोठा मानूस व्हता.

विकणाऱ्यानेच पत्रं लिहिली, ही सरळ लबाडी होती. माझी जीभ तिखट आहे, आमच्या घरात सगळ्यांनी ती सोसली आहे, पण हे एवढं मात्र काकांना सांगायला ती कधी वळली नाही. पेटी सापडल्यापासून त्या माणसाला एक व्रतच मिळालं होतं. ज्याच्या हातून बरं होईल त्याला पत्र द्यायचं. रिक्षावाला, न्हावी, माझ्या आईचा गुडघा चोळून बरा करणारी मालिशवाली, सगळ्यांना पत्रं मिळाली.

आणि या व्रताचे दोन नियम होते. पहिला, गुण आल्याशिवाय पत्र नाही. एकदा मी त्यांना खोकल्याचं औषध दिलं आणि चेष्टेने म्हटलं, काका, आताच लिहून टाका, माझ्या भिंतीला शोभा येईल. ते इतके गंभीर झाले की मीच ओशाळले. पाचव्या दिवशी खोकला गेला, सहाव्या दिवशी पत्र आलं. दुसरा नियम, पत्रावर रोग्याची सही हवी, नाहीतर अंगठा. आईच्या गुडघ्याच्या पत्रासाठी ते भर उन्हात आमच्या घरी आले आणि आईची सही घेऊनच उठले. लिहिणारा कोण का असंना, रोगी म्हनंल ते खरं, हे त्यांचं पालुपद.

काकांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि मथुरकाकी. काकी म्हणजे ठसठशीत बाई, वजनदार आवाजाची. काका पत्र लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायचे, आणि काकी चुलीपाशी बसून त्यात दुरुस्त्या सांगायच्या. स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याने काही अडत नव्हतं. काकांना त्या कधी नावाने हाक मारायच्या नाहीत, त्यांच्या पिढीत कुणी मारत नसे. ‘आमचं मानूस’ म्हणायच्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, काकींच्या तोंडून काकांचं नाव गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. उखाणासुद्धा अर्ध्यावर सोडून पळाल्या होत्या म्हणे.

मग काकींच्या पायांना सूज आली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही ठाण्याला. रिक्षा, कशेळीच्या पुलावरची ट्रकची रांग, चार तास मशीन आणि परत तीच रांग. घरी येईस्तोवर काकी गळून गेलेल्या असायच्या. ठाण्याच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, आपण कशाचे विशेषज्ञ. ते म्हणाले किडनीचे. काका वाट पाहत राहिले, डॉक्टर पुढे काही बोलेनात. दुकानात येऊन मला म्हणाले, इतका शिकला आणि एकच अवयव. मला हसू आलं, आणि पाठोपाठ त्यांच्याकडे बघून वाईटही वाटलं. पेटीतल्या विशेषज्ञाला एका बाटलीत सगळं बरं करता येत होतं ना!

त्यानंतर काकांची पत्रं थांबली. गोळ्या न्यायला यायचे, समोरचा चहा प्यायचे, आणि गप्प जायचे. रामअवधने नवीन पातेलं घेतलं तरी त्यांनी चहाला नवं पत्र दिलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, आता एकच लिवायचं हाय, गुण आल्याव.

पावसाळा सरला असेल. एका दुपारी मथुरकाकी एकट्याच रिक्षाने दुकानात आल्या. काका बाजारात गेले होते, तेवढ्यात निसटल्या होत्या. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला. मी स्टूल दिलं, पाणी पुढे केलं, तर त्यांनी घोटभरच घेतलं, पाणीही मोजूनच प्यायचं होतं. मग त्यांनी कनवटीचा घडी केलेला कागद काढला.

काकांनी दोन रात्री बसून काहीतरी लिहिलं होतं, आणि लिहिताना तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मग पेटीच्या तळाशी लपवलं. काकींना पक्कं वाटलं की डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, किती दिवस उरले त्याचं. ‘‘मी भीत न्हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन मना ठावं पायजे. वाच, काय बी लपवू नको.’’

मी भीत भीत कागद उघडला. काकांचंच अक्षर.

‘मी सौ. मथुरा भोईर, मुक्काम अंजूर, सत्य लिहून देतें कीं, माझीं दोन्ही मूत्रपिंडें कामांतून गेलीं असतां, …… या औषधानें मी पूर्ण बरी झालें. सूज उतरली. दोन हंडे पाणी डोईवर आणतें. गणेशपुरीस जाऊन कुंडांत स्नान करून आलें. आतां पतीवर पूर्ववत् ओरडतें. ईश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो.’

औषधाच्या नावाची जागा कोरी होती. खाली सहीची जागाही कोरी.

ज्या माणसाने माझ्या पाच रुपयांच्या खोकल्याच्या औषधासाठी नियम मोडला नाही, त्याने हे आधीच लिहून ठेवलं होतं. औषध कुठलं ते एकदा कळलं की फक्त नाव भरायचं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं तसं काकींनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, ‘‘कोरं का ठेवलंय?’’

मी म्हटलं, औषधाचं नाव लिहायचं राहिलंय.

‘‘लिव मग.’’

कोणतं लिहू, असं मी विचारलं. काकींनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. पदर डोक्यावर ओढून घेतला, नव्या नवरीने घ्यावा तसा.

‘‘चांगो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगो भोईर लिव.’’

मी लिहिलं. मग त्यांनीच दुकानाच्या शिक्क्याचं पॅड पुढे ओढलं आणि खाली अंगठा उठवला. कागद होता तसा घडी केला, आमच्या मानसाला बोलू नको असं बजावलं, आणि रिक्षात बसून गेल्या.

सव्वा महिन्याने मथुरकाकी गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर काका दुकानात आले, उरलेल्या गोळ्या कुणा गरजूला द्यायला म्हणून. पिशवी ठेवली आणि तो कागद काउंटरवर उघडून धरला. पेटीत ठेवलेला त्यांना त्याच सकाळी सापडला होता.

‘‘हे मधलं अक्षर तुझं हाय.’’

मी हो म्हटलं. आता बोलणी खावी लागणार, अशी मनाची तयारी केली. ते म्हणाले, गुण आला न्हाय नि मी लिवून बसलो, आमच्या घराण्यात हे पयलंच खोटं पत्र. राघो भोईरांची सात पत्रं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी जीभ आवरली. मग जे झालं ते सगळं सांगितलं, काकी एकट्या कशा आल्या, काय म्हणाल्या.

काका कागदाकडे बघत होते. ‘‘नाव तिनं सांगितलं? तोंडानं?’’

‘‘हो, काका.’’

‘‘कसं म्हनली?’’

ते वाट बघत होते. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि जमेल तसं, हळू, काकींसारखं म्हटलं, ‘‘चांगो.’’

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचं बोट अंगठ्याच्या निळ्या ठशावर होतं.

‘‘रोग्याचा अंगठा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मंग खरं धराया पायजे.’’

मी म्हटलं, खरंच आहे काका. त्यांनी कागद जपून घडी केला आणि समोर चहाला गेले.