पिस्टन का पळतो?

आमच्या शेजारच्या बबनरावांच्या बागेत फुलझाडांपेक्षा पाट्या जास्त आहेत. गेटापासून नळापर्यंत जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, कुंपणाच्या प्रत्येक खांबाला नंबर दिलाय आणि जास्वंदीला एक पाटी टांगलीय: 'येथून पळण्याचा धोका'. ही वाचायची कुणी, असं मी एकदा विचारलं. कुत्रा तर वाचणार नाही.

"ऑडिटला लागतंय, वहिनी," म्हणाले. ऑडिट कोण करतं? तेच करतात.

बबनराव चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. मूळचे तिकडच्याच एका गावचे. जन्मभर बंद पडलेली मशिनं चालू केली आणि गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर चालत्याबोलत्या माणसांच्या मागे लागले. त्यांचा मंत्र एकच: पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडतं म्हणजे सापडतं. एकदा माझी आमटी करपली, तो वास त्यांच्यापर्यंत गेला.

"का करपली?"

"फोन आला होता."

"का?"

"लेकीचा होता. रडत होती."

"का?"

"जावयाशी भांडली म्हणून."

"का?"

"बबनराव, आता आणखी एक 'का' विचारलात तर ही आमटी तुमच्या डोक्यावर ओतीन!"

तर अशा माणसाच्या घरात पिस्टन. म्हणजे त्यांचा कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, अंगात नुसतं वारं भरलेलं. इतकी वर्षं शहाण्यासारखा बागेत राहिला आणि हे घरी बसले त्याच सुमाराला पळायला लागला. तेही संध्याकाळीच. सहा वाजत आले की गेटापाशी येरझाऱ्या सुरू. कुंईकुंई करायचं, माती उकरायची, पुन्हा येरझाऱ्या. बघणाऱ्याच्या जिवाची घालमेल व्हावी. मी भाजी निवडायला बसते न बसते तोच पलीकडून आरोळी यायची, "ब्रेकडाऊन! ब्रेकडाऊन!" की समजायचं, पिस्टन सुटला.

आधी गेटाखालून गेला. बबनरावांनी तिथे काँक्रीट ओतलं. मग मेंदीच्या कुंपणातून गेला. जाळी मारली. मग पाण्याच्या ड्रमवर चढून भिंतीवरून माझ्या मेथीच्या वाफ्यात उतरला. ड्रम हलवला, माझी मेथी गेली ती गेलीच. शेवटी तो नाकाने कडी उचलायला शिकला. त्या दिवशी चिडायचं सोडून बबनराव कौतुकाने म्हणाले, "ऑपरेटर हुशार हाय पण! मी शिकवलेल्या पोरांना येवढं जमलं न्हाई."

आम्ही हसायचो. पण एका संध्याकाळी नाक्यावर कंटेनरचा ब्रेक असा करकचून लागला की अख्खी गल्ली बाहेर धावली. पिस्टन चाकापासून हातभर अंतरावर अंग चोरून बसला होता. बबनरावांनी त्याला उचलून आणलं. त्यांची बायको, सुमनताई, रडायलाच लागल्या. "आता बास! आणखी एकदा पळाला तर गावाला भाऊजींकडं पाठवायचा. साखळीला राहील, पण जित्ता राहील." साखळीचा प्रयोग बबनरावांनी एकदा केला होता. कुत्रा बागेत ओरडत होता आणि हे घरात कानात बोटं घालून बसले होते. शेवटी स्वतःच जाऊन सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण उंच करायला टेम्पोभर पाइप आले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, तो कसा पळाला एवढंच बघत बसलात. माझ्या आमटीला चार-चार वेळा 'का' विचारता, या मुक्या जनावराला एकदा तरी विचारलंत?"

बबनरावांनी हातातला पाइप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "व्हय की."

संध्याकाळी पिस्टनच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला लांब दोरी, दोरीला बबनराव आणि मागे मी. गेट उघडलं. तो इकडेतिकडे न बघता, एकही खांब न हुंगता, सरळ नाक्यावर कंपनीची बस थांबते तिथे गेला आणि चाकणच्या दिशेला तोंड करून बसला. बस आली. पिस्टन उठला, उतरणाऱ्या प्रत्येकाची पॅन्ट हुंगायला लागला. शेवटचा माणूस उतरला, दार लागलं, तरी हा दाराकडेच बघतोय.

"आरं येड्या, मी हितं हाय!" बबनराव ओरडले.

पिस्टनने मागे वळून बघितलं, ओळख दिल्यासारखी शेपूट हलवली आणि पुन्हा बसकडे तोंड केलं.

नोकरीत असताना बबनराव रोज याच बसने यायचे आणि हा गेटाच्या आत बसून वाट बघायचा. मग त्यांचं येणं बंद झालं. दिवसभर घरात असणारा माणूस त्याच्या लेखी दुसराच कुणी असावा. बसने येणारा काही अजून आला नव्हता. म्हणून हा शोधायला जात होता.

दुसऱ्या दिवशी बबनराव कंपनीचा निळा शर्ट घालून, खांद्याला पिशवी लावून मागच्या दाराने गुपचूप बाहेर पडले. नाक्यावर जाऊन उभे राहिले. बस आली, माणसं उतरली, त्यांच्यात मिसळून हेही चालत आले आणि पुढच्या गेटाने आत शिरले. काय सांगू तुम्हाला! पिस्टन बागभर गरगर फिरला, कुंड्या पाडल्या, त्यांच्या छातीवर पाय ठेवून तोंड चाटून काढलं. तेव्हापासून तो एकदाही पळालेला नाही. पाइप तसेच पडून आहेत.

आता हे रोजचंच झालंय. बसमधली पोरं चिडवतात, "काय बबनदा, ओव्हरटाइम का?" हे हसतात. परवा मात्र अंगात ताप होता. सुमनताई म्हणाल्या, एक दिवस राहू द्या, मी त्याला आत कोंडते. ऐकतात कसले! धापा टाकत आले, पिस्टन नाचून घेईपर्यंत कसेबसे उभे राहिले आणि मग पायरीवर बसले. मी भिंतीवरूनच त्यांना फैलावर घेतलं. "ताप अंगावर काढून ही नाटकं कशाला?"

ते पिस्टनची मान खाजवत राहिले.

"वहिनी, रिटायर झालो तवा शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी मशीन चालूच. चालूच ऱ्हायला पायजे, मीच बसवलेलं हाय. पण एक फोन आला न्हाई. 'बबनदा, हे कसं करू' म्हणून कुणी विचारलं न्हाई. ह्या एकट्यालाच वाटतंय, मी अजून घरी यायचा हाय."

गोड बोलायची मला सवय नाही.

"मग उद्या गोळी घेऊन वेळेवर निघा," मी म्हटलं. "उशीर केलात तर तो शोधायला येईल."